भिंतीलगतचा बर्फ

१९ जानेवारी

दादा,

बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. तरी घरच्या माणसाकडून कळलेली बरी, म्हणून लिहितेय. फोन केले होते. वहिनी आधी म्हणाली, मीटिंगमध्ये आहेत. मग म्हणाली, झोपलेत. मग कुणी उचललाच नाही.

सोमवारी सकाळी बस डेपोच्या वर्कशॉपचं छत खाली आलं. सगळं नाही, तू आखलेल्या नव्या इमारतीला लागून असलेला भाग तेवढा. पंक्चरकाका गेले. हो, तेच. तुझी सायकल दर आठवड्याला फुकटात नीट करून देणारे आणि वर ‘साहेब, पुढच्या वेळी खिळे बघून चालवा’ म्हणणारे. बाकीचे वाचले, कारण बसेस उभ्या होत्या आणि छताच्या तुळया बसेसच्या टपांवर अडकल्या. दोघं तर बसखालच्या खड्ड्यात काम करत होते, त्यांना ओरखडाही नाही. काका मात्र भिंतीशी होते. टायरचं सगळं सामान त्यांनी हल्लीच तिकडे हलवलं होतं. डिसेंबरात मला कौतुकानं दाखवत होते, ‘ताई, तुझ्या दादाच्या भिंतीनं काय छान आडोसा झालाय बघ. आता बोटं गारठत नाहीत.’

दोन दिवस बर्फ पडत होता आणि खिंडीतून वारा. तुला तो वारा माहीत आहे, तुझं बालपण त्यातच गेलंय.

उन्हाळ्यात तू आला होतास तेव्हा आईच्या टेबलावर मी काय म्हटलं होतं, ते इथे परत लिहून दाखवायची माझी इच्छा नाही. पण लिहिते. मी म्हटलं, तुझी इमारत मी आखलेल्या वर्कशॉपच्या तिप्पट उंच होणार आहे. खिंडीतला वारा तुझ्या गच्चीवरचा बर्फ उचलणार आणि भिंतीच्या अलीकडे, माझ्या छतावर आणून टाकणार. माझं छत मी सगळीकडे सारख्या पसरलेल्या बर्फासाठी आखलंय, राशीसाठी नाही, कारण तेव्हा तिथे तुझी भिंत नव्हती. एक तर मागे सरक, नाही तर हिवाळ्याच्या आत त्या पट्ट्यात जादा खांब आणि तुळया टाकायला हव्यात. तू ताटातून मानही वर न करता म्हणालास, ‘माझ्यावर सोड. तुझ्या छताचा आधार मी माझ्याच कामात धरतो.’ ऑक्टोबरात विचारलं तेव्हा म्हणालास, ‘होतंय गं, किती मागे लागशील.’

चौकशी बसली आहे. तुलाही बोलावतील. खरं काय ते सांग, एवढंच. मी तुझ्यावर काही ढकलायला निघालेली नाही. पण माझ्यावर जे ढकललं जातंय ते मी एकटी किती दिवस अंगावर घेऊ?

अक्षर वाकडंतिकडं झालंय, समजून घे. हाताला जरा लागलंय.

तुझी बहीण


३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही, पण वहिनीचा फोन आला. ‘हाताला टाके पडले म्हणे, कळवायचं तरी.’ काय कळवायचं? पत्रा उचलताना कापलं. डेपोतली सगळी माणसं उचलत होती, मीही उचलत होते. काका ज्या पत्र्याखाली होते तो नेमका हलेना. एवढंच. यावर आणखी लिहिणार नाही.

तुझी जबानी काल समितीसमोर वाचून दाखवली. छान लिहिलीयस. मुद्देसूद. ‘सदर वर्कशॉपचा आराखडा माझ्या धाकट्या बहिणीनं केला असून तिचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. मात्र अनुभव मर्यादित आहे. शिवाय जुन्या बोल्टना गंज लागल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ वाचणाऱ्या कारकुनानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं दवाखान्यात दुसऱ्याच्या मुलाकडे बघतात. दादा, शिवी दिली असतीस तर परवडलं असतं. प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट देऊन मला खड्ड्यात लोटलंस.

माझा मर्यादित अनुभव म्हणजे या गावातली निम्मी लोखंडी छतं. शाळेच्या हॉलचं, लाकडाच्या वखारीचं, अग्निशमनच्या गाड्यांच्या शेडचं. सगळी उभी आहेत. पण सध्या कुणी वर बघत नाही. दूधवाल्याकडे गेले तर दोन बायका बोलायच्या थांबल्या. शाळेनं पोरांना त्या हॉलमध्ये बसवणं बंद केलंय, ‘खबरदारी म्हणून’. मुख्याध्यापिका फोनवर इतकं गोड बोलत होत्या की मीच त्यांची समजूत काढली.

पंक्चरकाकांच्या घरी, काकूंकडे जायची हिंमत होत नव्हती. त्यांनीच बोलावलं. ओरडतील, हाकलून देतील, अशी तयारी करून गेले. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, ‘मला सगळे सांगतायत, पण कळत कुणाचंच नाही. तू नीट सांग. तुझं छत का पडलं?’

मी म्हटलं, ‘पीठ आहे का घरात?’

टेबलावर बिस्किटाचा पसरट डबा ठेवला, ते माझं छत. वरून चाळणीनं पीठ भुरभुरलं आणि केस वाळवायचं यंत्र लांबून, हळू लावलं. पीठ डब्यावर सारखं राहिलं, थोडं उडून गेलं. मग डब्याला चिकटवून एक उंच बरणी ठेवली, तिच्या झाकणावरही पीठ टाकलं आणि बरणीच्या मागून वारा सोडला. झाकणावरचं पीठ उडालं आणि बरणीच्या अलीकडे, डब्यावर, येऊन साचलं. छोटी टेकडीच झाली. डब्याचं दुसरं टोक जवळजवळ कोरडं.

काकूंनी टेकडीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे बरणी नसती तर?’

‘नसती तर छत पडलं नसतं.’

‘बरणी कुणाची?’

तुला उत्तर माहीत आहे. मी दिलं. त्या फडकं घेऊन पीठ पुसायला लागल्या. मी मदतीला उठले तर म्हणाल्या, ‘राहू दे. तू पुसू नकोस.’ याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आई बरी आहे. तुझी वाट बघते. दाराची घंटा वाजली की आधी केस नीट करते.

- मी


२० फेब्रुवारी

दादा,

आज शेवटी तू दिसलास. कोट चांगला आहे. टोपी आईनं विणलेली नव्हती, हे तिला सांगितलेलं नाही.

तू निघून गेल्यावर डेपोत काय चर्चा झाली ते तुला कळायचं नाही, म्हणून लिहिते. गंजलेल्या बोल्टांची गोष्ट तिथेच मेली. त्याच कंपनीचे, त्याच वर्षीचे बोल्ट उरलेल्या भागात आहेत आणि तो भाग ताठ उभा आहे, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण चौकशीचे साहेब तेवढ्यावर मानणारे नव्हते, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. कायम सर्दी झालेला माणूस, रुमाल नाकाला लावूनच बोलतो, पण डोळे जागे. मी त्यांना म्हटलं होतं, ‘माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. पुढचा बर्फ पडू द्या. वारा खिंडीतून आला की मी फोन करते, तेव्हा या.’

आणि बर्फाला कुणी बोलावलं होतं असं नाही, पण तो आला. वाराही आला.

पडलेला भाग साफ करून तिथे बसेस उभ्या केल्यात, दुसरीकडे जागा नाही म्हणून. ओळीनं, एकापुढे एक, पहिली तुझ्या भिंतीला लागून. मी कुणालाही त्या तशा लावायला सांगितलेलं नाही, तू मनात काय म्हणत असशील ते ओळखून लिहितेय. सकाळी सगळे गेलो तेव्हा भिंतीशेजारच्या बसवर माणसाच्या छातीइतका बर्फ होता. दुसरीवर कमरेच्या खाली. तिसरीवर गुडघ्याएवढा. आणि फाटकापाशी जी होती तिच्या टपाचा रंग दिसत होता. ड्रायव्हर, क्लीनर, तिकीटवाल्या, सगळे बघत उभे होते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. फोरमन एवढंच म्हणाला, ‘आयला.’

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि तुझ्याकडे वळले. ‘हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं की नाही?’

तू हातमोजा काढलास आणि परत घातलास. लहानपणी मार चुकवताना बटणाशी चाळा करायचास, अगदी तसंच. म्हणालास, ‘आमच्या शहरात वाऱ्याचा विचार करावा लागतो, बर्फाचा इतका नाही. इथल्या परिस्थितीची कल्पना स्थानिक अभियंत्यानं द्यायला हवी होती. मला कुणीही सांगितलं नाही.’

आमच्या शहरात. दादा, तू याच बर्फात शाळेला गेलायस. आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावरचा बर्फ खराट्यानं पाडायची पाळी तुझी असायची.

मी म्हटलं, ‘मी सांगितलं होतं.’

‘लेखी?’ साहेबांनी विचारलं.

‘जेवताना.’

‘लेखी का दिलं नाहीत?’

‘भाऊ आहे.’

कुणीतरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत. ‘तेव्हा आणखी कोण होतं तिथे?’

मी तुझ्याकडे पाहिलं. तुला एक संधी होती, दादा. नुसतं ‘हो, म्हणाली होती, माझ्या डोक्यातून गेलं’ एवढं म्हणाला असतास तरी मी उरलेलं सगळं गिळलं असतं. तू तुझ्या इमारतीच्या खिडक्या बघत होतास.

‘आमची आई,’ मी म्हटलं.

आता तिला बोलावतायत.


७ मार्च

तुला पत्र लिहिताना वर ‘दादा’ लिहायची सवय आहे. आज हात वळत नाही.

आईची साक्ष झाली. तुला वकिलाकडून कळलं असेल, पण वकिलानं तिचा चेहरा थोडाच कळवला असणार.

सकाळी तिनं मला विचारलं, ‘मी काय सांगू?’ मी म्हटलं, ‘जे झालं ते.’ तिनं चांगला स्वेटर घातला. बसमध्ये माझा दुखरा हात मांडीवर घेऊन बसली होती. पट्टीच्या कडेनं बोट फिरवत होती. मला वाटलं, झालं, आता सगळं सुरळीत होणार. मूर्ख मी.

साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज खाली आणून विचारलं, ‘आजी, उन्हाळ्यात तुमचा मुलगा आला होता. जेवताना या दोघांत छताबद्दल काही बोलणं झालं का?’

आई म्हणाली, ‘मी स्वयंपाकघरात होते. मला काही ऐकू आलं नाही.’

ती स्वयंपाकघरात नव्हती. ती आपल्या दोघांच्या मध्ये बसली होती. मी तिसऱ्यांदा तेच बोलायला लागले तेव्हा तीच म्हणाली होती, ‘जेवताना तरी लोखंड नको गं बाई.’ तू हसला होतास. मीही हसले होते.

‘नक्की आठवतंय?’ साहेबांनी विचारलं.

‘माझी दोन्ही मुलं खरं बोलणारी आहेत,’ आई म्हणाली. ‘कुणाची तरी समजण्यात चूक झाली असेल.’

काकू मागच्या बाकावर होत्या. आईची आणि त्यांची जुनी मैत्री आहे, हे तुला सांगायला नको. आई बाहेर पडताना त्यांच्यासमोरून गेली. काकूंनी पाय आत घेऊन वाट दिली.

घरी आल्यावर मी भांडले नाही. ओरडले नाही, रडलेही नाही. फक्त विचारलं, ‘का?’

ती स्वेटरची घडी घालत होती. म्हणाली, ‘तुझं काय, तू खंबीर आहेस. तू काहीही करून उभी राहशील. त्याचं सगळं जाईल. नाव, ऑफिस, ती मोठी मोठी कामं. त्याला नाही झेपायचं.’

‘आणि काका?’

‘ते आता परत येणार आहेत का?’

मी खंबीर आहे, हे मला जन्मापासून ऐकवलं जातंय. मी खंबीर म्हणून बाहेरची खोली माझी आणि चुलीजवळची तुझी. मी खंबीर म्हणून शहरातलं कॉलेज तुला, गावातलं मला. मी खंबीर म्हणून बाबांचं दुखणं मी काढलं आणि तू फुलं घेऊन आलास. ज्याला पेलतं त्याच्यावर टाकत जायचं, असाच आपल्या घरचा हिशोब. तू आणि मी ज्या धंद्यात आहोत, तिथे असा हिशोब करणाऱ्याला घरी बसवतात.


२८ एप्रिल

अहवाल आला. अभिनंदन.

‘छत कोसळण्याचं कारण शेजारच्या उंच इमारतीमुळे साचलेली बर्फाची रास.’ म्हणजे माझं छत बरोबर होतं. ‘तथापि, नव्या इमारतीच्या अभियंत्यास या धोक्याची पूर्वकल्पना दिल्याचा पुरावा आढळत नाही.’ म्हणजे तूही बरोबर. तुला ताकीद. मला सूचना, यापुढे असं काही असेल तर लेखी कळवावं. काका हवामानानं गेले. दोषी कोण विचारशील तर खिंड.

सर्दीवाले साहेब जाण्यापूर्वी माझ्या ऑफिसात आले होते. उभ्याउभ्याच म्हणाले, ‘मला माहीत आहे काय झालं ते. पण मला माहीत असणं आणि मला लिहिता येणं, यात फरक आहे.’ मी त्यांना चहा विचारला नाही. नंतर वाईट वाटलं.

आणि मग रविवारी तुम्ही आलात.

मी खिडकीतून पाहिलं. गाडी थांबली, वहिनी उतरली. तू उतरला नाहीस. इंजिन चालू, काच वर. वहिनी आत येऊन म्हणाली, ‘आईंना थोडे दिवस घेऊन जातो. हवापालट.’ थोड्या दिवसांसाठी कुणी उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही कपडे भरत नाही. आईनं बॅग आधीच भरून ठेवली होती. मला तिनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. साक्षीनंतर आमचं बोलणं मिठाची बाटली पुढे सरकवण्यापुरतं उरलं होतं.

बॅग जड होती. वहिनीला उचलेना, म्हणून मी गाडीपर्यंत आणली. डिकी उघडायला तू आतूनच बटण दाबलंस. एवढ्या जवळ होतास की तुझ्या मानेवरचे पांढरे केस दिसले. आई बसली. तिनं माझ्याकडे बघून ओठ हलवले, पण काच बंद होती. काय म्हणाली, कळलं नाही. तुला कळलं असेल तर तुझ्यापाशीच ठेव.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या निळ्या पाकिटात आहेत. सकाळची अर्धी, संध्याकाळची पूर्ण. ती उलटं सांगेल, ऐकू नकोस.


१६ जून

दादा,

हे पत्र कामाचं आहे.

डेपोनं पडलेल्या भागाचं काम मलाच दिलंय. मॅनेजर मला बोलावून म्हणाले, ‘ताई, दोन रस्ते आहेत. तुमचं छत मजबूत करायचं, नाही तर शेजारच्या इमारतीचे वरचे मजले उतरवायचे. गावात सगळे दुसऱ्याच्या बाजूनं आहेत. तुम्ही त्या इमारतीची तपासणी करा. ती खिंडीच्या वाऱ्याला आणि बर्फाला पुरी पडत नाही, एवढं एक वाक्य तुम्ही लिहून द्या. बाकीचं आम्ही बघतो.’

एक वाक्य. मी हो म्हटलं आणि तुझ्या इमारतीत शिरले.

खोटं कशाला बोलू? चूक सापडावी म्हणूनच शिरले. टॉर्च, शिडी, टेप घेऊन तळापासून गच्चीपर्यंत गेले. एकेक सांधा पाहिला. छताच्या वरच्या पोकळीत सरपटत जाऊन तुळयांची जोडणी हातानं चाचपली. कोपऱ्यातल्या तिरप्या सळ्या, जिथे घाईत काम करणारे हमखास हात आखडता घेतात, तिथे बघितलं. वारा सुटला तेव्हा वरच्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ती हूं की चूं करत नव्हती. घरी येऊन सगळं नव्यानं मांडलं, या खिंडीचा वारा धरून, इथला बर्फ धरून. परत मांडलं. तुझी इमारत चांगली आहे. नुसती चांगली नाही, सुंदर काम आहे. असं काम मला जमलं असतं का, याचा विचार करत मी वहीसमोर बसून राहिले आणि माझा मलाच राग आला.

तुझ्या गच्चीवरही मधला जिन्याचा उंचवटा आहे. त्याच्या बाजूनं बर्फ साचेल म्हणून तिथल्या तुळया तू बाकीच्यांपेक्षा जाड घेतल्यायस. अगदी जेवढ्या हव्यात तेवढ्या. हे पाहिल्यावर मी शिडीवरच बसले. उंचवट्यालगत बर्फाची रास होते, हे तुला माहीत होतं. कुणी सांगावं लागलं नाही, इथलं हवामान कुणी शिकवावं लागलं नाही. स्वतःच्या छतावर तू ते धरलंस. भिंतीच्या पलीकडे माझं छत होतं, तिथे नाही धरलं.

समितीला मी हे कळवू शकते. चौकशी पुन्हा उघडता येते, मी विचारून आले. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘उघडली तर तुझी आई परत त्या खुर्चीत बसेल?’ मी म्हटलं, ‘बसावं लागेल.’ त्यांनी मान हलवली. ‘मग नको. मला त्या बाईला तिथे परत बघायचं नाही.’ ही दया आहे की किळस, मी विचारलं नाही. मी त्यांचं ऐकलंय, तुला माफ केलेलं नाही. या दोन्हीत गल्लत करू नकोस.

मॅनेजरांना मी वाक्य लिहून दिलं. ‘शेजारील इमारत सुरक्षित आहे, मजले उतरवण्याची आवश्यकता नाही.’ त्यांचा चेहरा पडला. फोरमन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गावात म्हणतात, शेवटी रक्ताचं नातं. म्हणू देत.

आता माझं छत. तुझ्या भिंतीला लागून नवे खांब उभे करायचेत आणि त्यांच्यासाठी खड्डे घ्यायचेत. तुझा पाया माझ्या बाजूला किती पुढे आलाय आणि किती खोल आहे, ते मला ठाऊक नाही. अंदाजानं खणलं तर तुझ्या भिंतीखालची माती सुटेल. तेव्हा पायाचा नकाशा हवा आहे. तुझ्या ऑफिसला दोनदा कळवलं, साहेब बाहेर आहेत म्हणतात. म्हणून घरच्या पत्त्यावर लिहितेय.

डेपोनं काकूंना कामावर घेतलंय. बर्फ पडायच्या आत त्या टायरच्या विभागात बसतील, त्याच भागात, भिंतीशी. मी म्हटलं, दुसरीकडे कुठेही मागा, देतील. म्हणाल्या, तिथे ऊब असते असं हे सांगायचे. काल त्यांनी विचारलं, ‘आता नाही ना पडणार?’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तुझ्या कपाटात आहे. पावसाआधी खणायचंय, तेव्हा नकाशा लगेच पाठव. आत चिठ्ठी घालू नकोस.